धुऱ्यावरचे रान

सरकारी भाषेत शेताच्या बांधाला मोठा मान आहे. खत ‘बांधावर’ मिळते, पंचनामा ‘बांधावर’ होतो, अतिवृष्टी झाली की मंत्री पाहणीला येतात तेही ‘बांधावर’. कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अधूनमधून ‘शेतकऱ्याच्या बांधावर’ जातात. इतकी माणसे बांधावर येऊन गेली, पण खुद्द बांधाकडे पाहिले कोणी? आमच्या मराठवाड्यात ज्याला धुरा म्हणतात, ती दोन-चार हातांची पट्टी गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती झिजली, तिच्यावर काय काय होते आणि त्यातले काय उरले, याची नोंद ना सातबाऱ्यावर आहे, ना पीकपाहणीत.

एक साधे गणित मांडून पाहू. एक हेक्टरचे चौकोनी शेत धरा. त्याची प्रत्येक बाजू शंभर मीटर, म्हणजे भोवतीचा बांध चारशे मीटर. बांध दोन शेजाऱ्यांत सामाईक असतो, म्हणून एका शेताच्या वाट्याला दोनशे मीटर येतो. आठशे हेक्टर लागवडीच्या गावात अशा हिशेबाने १६० किलोमीटर बांध भरतो. छत्रपती संभाजीनगरातून निघालेला माणूस एवढे चालला तर अहिल्यानगर ओलांडून बराच पुढे जाईल! हा बांध सरासरी एक मीटर रुंद असला तरी गावात सोळा हेक्टर, म्हणजे चाळीस एकर रान कोणी न लावता उभे असते. शेते लहान असली तर त्याहूनही जास्त. शंभर हिश्शांतले दोन हिस्से जमीन आणि तीही सगळ्या शिवारात जाळ्यासारखी पसरलेली. ओढ्याकाठची खोकड गायरानापर्यंत जाते ती याच वाटेने. जंगल म्हटले की आपल्याला गौताळ्याचे अभयारण्य आठवते. पण गावोगावच्या धुऱ्यांवरचे हे अरुंद, लांबलचक जंगल कोणत्याच नकाशावर नाही.

माझे आजोळ फुलंब्री तालुक्यातले. तिथल्या धुऱ्यांवर काय होते ते आजही मला पाठ आहे. बोर, बाभूळ, हिवर आणि कडुनिंब ही थोरली मंडळी. त्यांच्या पायाशी तरवड, रुई, सीताफळ. सीताफळाचा पाला शेळी तोंडात घेत नाही, म्हणून राखण नसतानाही ते धुऱ्यावर टिकते. वाटेच्या कडेला घायपाताची रांग आणि जिथे जित्राब घुसण्याची भीती तिथे बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी. खाली मारवेल, पवन्या, कुसळी, हराळी असे गवत. त्या गवतात लावे आणि तित्तर, बोरीच्या जाळीत होल्याचे दोन काटक्यांचे घरटे, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे, निंबाच्या ढोलीत पिंगळा आणि बिळात मुंगूस. यातले काहीही कोणी मुद्दाम राखले नव्हते. बैलांच्या औताला झाडाच्या बुडापर्यंत जाता येत नव्हते, चुलीला सरपण लागत होते आणि गोठ्याला गवत लागत होते, म्हणून ते आपोआप राहिले होते.

मग आपोआप राहिलेले आपोआपच जाऊ लागले. वाटण्या झाल्या, चार एकरांचे दोन आणि दोनाचे एक झाले. मराठीत ‘बांध कोरणे’ असा एक शब्दप्रयोग आहे, तो कोणा लेखकाने बनवलेला नाही. दरसाल नांगरताना एक तास शेजाऱ्याकडे सरकायचे, असे इकडूनही आणि तिकडूनही, की वीस वर्षांत दोन हातांचा धुरा वीतभर होतो. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला वळायला झाड आडवे येऊ लागले. जेसीबी आला तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचा बांध तासाभरात सपाट करता येऊ लागला. स्वयंपाकाचा गॅस आल्यावर सरपणाची गरज घटली. आणि आता मजूर मिळत नाही म्हणून धुऱ्यावर तणनाशक फवारले जाते. पावसाळ्यात सगळे शिवार हिरवे असताना बांध तेवढे पिवळे-करडे दिसले, तर ते त्या फवारणीचेच काम समजावे.

यात गेले काय, असे शहरातला वाचक विचारील. चार पाखरे कमी झाली, एवढेच ना? पण या हिशेबात शेतकऱ्याच्या खिशातूनही बरेच गेले आहे.

हरभऱ्यावर घाटे अळी येते, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी येते. त्यावर कृषी खाते सांगते की शेतात ‘पक्षी थांबे’ उभारा. म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या रोवा, त्यांवर कोतवाल, वेडा राघू, साळुंकी असे पक्षी बसतील आणि अळ्या टिपतील. हरभरा पेरताना त्यात थोडी ज्वारी मिसळा, तिच्या ताटांवर पक्षी येतील, असाही सल्ला असतो. सल्ला उत्तम आहे. पण ज्या शेतकऱ्याने कालच धुऱ्यावरची बाभूळ पाडली, त्यानेच आज काठ्या रोवायच्या, यातली गंमत ध्यानात घ्या. आणि काठीवर पाखरू घटकाभर बसेल, काठीवर घरटे कुठे करणार? रात्रीच्या पाळीचेही तसेच. उंदरांचा बंदोबस्त करणारे दोन बिनपगारी राखणदार म्हणजे धामण आणि घुबड. एकाला बीळ हवे, दुसऱ्याला ढोली हवी. दोन्ही धुऱ्यावरच असतात.

मधमाश्यांची गोष्ट याहून मोठी आहे. सूर्यफूल, कांद्याचे बियाणे, डाळिंब, भोपळा-दोडक्यासारखे वेल, या सगळ्यांची फळधारणा मधमाश्यांवर कमी-अधिक अवलंबून असते. आमचा शेजारचा जालना जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो आणि बीजोत्पादनाचे प्लॉट आता आसपासच्या तालुक्यांतही असतात. पण कांद्याचे डोंगळे फुलतात ते थोडेच दिवस. बाकीचे महिने माशीने काय खावे? तेव्हा धुरा पंगत वाढतो. पावसाळ्यात बाभळीची पिवळी फुले, भाद्रपदाच्या सुमारास बोरीचा बारीक मोहर, फाल्गुनात पळस, चैत्रात कडुनिंब, पाठोपाठ करंज. तरवड तर जवळजवळ वर्षभर फुलतो. ही साखळी तुटली की पोळे उठते. मग पिकाच्या दिवसांत मधपेट्या भाड्याने आणाव्या लागतात.

हे सारे खरे असले तरी धुऱ्याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. झाडाच्या सावलीत कपाशीच्या दोन-तीन ओळी बसतात, हे कोणीही शेतकरी दाखवून देईल. धुऱ्यावर गाजरगवत माजले तर त्यावर पिठ्या ढेकूण पोसतो आणि तिथून पिकावर उतरतो. दाट झुडपात रानडुक्कर दडते. रोही, म्हणजे नीलगाय, एका रात्रीत उभे पीक तुडवते आणि नुकसानभरपाईसाठी फोटो, अर्ज, पंचनामा यांत आठवडे जातात. सापाच्या भीतीने बायका धुऱ्याच्या कडेचे निंदण टाळतात. एक एकरवाल्याला दोन ओळींचे नुकसान म्हणजे पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे असतात. त्याला ‘निसर्ग वाचवा’ असे शहरातून सांगणे सोपे आहे.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. माझ्या दोन मामेभावांत वाटणी झाली. दोघांच्या मधल्या धुऱ्यावर एक जुना हिवर, तीन बोरी आणि दोन निंब. थोरल्याची कपाशी होती, त्याला सावली नको होती. जेसीबीवाल्याशी बोलणेही झाले होते. धाकट्याने कांद्याचे बियाणे घेतले होते, त्याला झाडे हवी होती. बोलाचाली वाढली. मला बोलावणे आले ते दोघांत वडील म्हणून, शेतीतला जाणकार म्हणून नव्हे. थोरला म्हणाला, “दादा, झाडं काय तुमाला शहरातून चांगलीच दिसत्यात. सावलीखाली बोंड धरत नाही, ते कोन भरून देनार?” प्रश्न रास्त होता. शेवटी झाडे तोडायची की राखायची हा वाद आम्ही बाजूला ठेवला आणि कशी राखायची यावर बसलो. ठरले ते असे: दर माघात कपाशीकडच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे पिकाच्या दिवसांत सावली कमी पडेल. छाटलेल्या काट्यांची कुपाटी थोरल्याच्या शेताला लागेल. बोरे एक साल त्याची, एक साल याची. हिवर दोघांचा. हद्दीचा दगड मधोमध राहील आणि दगडापासून दोन्हीकडे हात-हातभर नांगर जाणार नाही. याला चार वर्षे झाली. भाऊ-भाऊ एकमेकांशी फार गोड झाले असे नाही, पण धुरा आहे आणि कोर्टाची तारीख नाही. मराठवाड्यात हे थोडे नव्हे!

धुरा जगवायचा म्हणजे त्याला हात लावायचा नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सोडून दिलेला धुरा घाणेरी आणि वेड्या बाभळीने भरून जातो. त्याला निगा हवी, फक्त ती एकदम आणि एकसारखी नको. धुऱ्याचे तीन भाग करावेत आणि दरसाल एकाच भागाची झुडपे बुडाजवळून छाटावीत, म्हणजे दोन भागांत पाखरांना आसरा राहतो. गाजरगवत फुलण्याआधी उपटावे, पण त्यासाठी सगळ्या बांधावर फवारा मारू नये. उन्हाळ्यात बांध पेटवण्याची सवय तर सोडूनच द्यावी. तित्तर त्याच सुमारास गवताच्या बुडाशी अंडी घालू लागते आणि आगीत अंडी, सरडे, घोरपडीची पिले सगळे जळते. बांधाची माती धरून ठेवणारी गवताची मुळे कमजोर झाली, की पहिल्याच वळवाने काळी माती ओढ्याला जाते. १९७२च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर हजारो मजुरांनी ज्या ताली-बांध घातले, ते टिकले तिथे गवताने टिकले.

बांधाची ही गोष्ट गावाबाहेरच्या गायरानाशिवाय पुरी होत नाही. धुरा ही वाट असेल तर गायरान हा मुक्काम आहे. पण आपल्या डोळ्यांना झाड दिसते, गवत दिसत नाही. माळ म्हणजे पडीक, ही समजूत इंग्रजी अमलातल्या महसुली दप्तराने पक्की केली आणि ती अजून उतरलेली नाही. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्ष लागवडीची मोहीम झाली. हेतू चांगलाच होता. पण अशा मोहिमांत खड्डे घ्यायला सोपी जागा म्हणून पुष्कळदा माळरानच पुढे येते. जिथे मुरमावर वीतभर माती आहे आणि हजारो वर्षे गवतच वाढत आले आहे, तिथे झाड खुरटते आणि गवतही जाते. धाविक, चंडोल, माळटिटवी ही उघड्यावर राहणारी पाखरे झाडांत राहत नाहीत. काळविटाला शत्रू लांबून दिसावा लागतो. थंडीत मध्य आशियातून येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी रात्री झाडावर नव्हे, तर गवतात जमिनीवर झोपतात आणि दिवसा नाकतोडे टिपत शेतांवरून फिरतात. त्यांच्या दृष्टीने गवत हेच जंगल.

वैजापूर तालुक्याला लागून येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरचे माळ आहेत. तिथे काळविटांचे कळप आहेत आणि ममदापूरला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. काळवीट जिल्ह्याची हद्द ओळखत नाही, ते गवत ओळखते. पण निव्वळ दर्जा देऊन भागत नाही, हे सोलापूरने दाखवले. नान्नज परिसरात माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य झाले. कागदावर त्याचे क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात माळ होते, तशी शेकडो गावे आणि लोकांची शेतेही होती. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांचा रोष पक्ष्यावर गेला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. दरम्यान कालव्यांबरोबर ऊस आला, ज्वारी-करडईची मोकळी राने गेली आणि माळढोक दिसणे ही बातमी होण्याइतकी दुर्मीळ गोष्ट झाली. लोकांचे शेत आणि पाखराचे रान एकत्रच सांभाळावे लागते, हा त्यातला धडा. पुणे वन विभागाने २०२४ साली इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर गवताळ रानाची सफारी सुरू केली. लांडगा आणि चिंकारा पाहायला माणसे पैसे देऊन माळावर जाऊ लागली, हा बदल लहान असला तरी शुभ आहे.

कुरण राखण्यातही कापणीचा मुहूर्त मोलाचा. लावे, चंडोल यांची वीण पावसाळ्यात गवतातच होते. दसऱ्यापर्यंत बहुतेक पिले उडू लागतात. गवत फुलोऱ्यात कापले तर चारा पौष्टिक मिळतो, बी झडल्यावर कापले तर पुढच्या सालाची सोय होते पण चारा निबर होतो. कुसळीचे कुसळ तर जनावराच्या तोंडात रुतते. दोन्ही साधायचे तर उपाय एकच. दसऱ्यानंतर बहुतेक कुरण कापावे, पण एक तृतीयांश पट्टा बी पडेपर्यंत उभा ठेवावा आणि दरसाल तो पट्टा बदलावा. आता गवत कापायचे यंत्र आले आहे. ते कडेकडून आत फिरवले तर पिले मधोमध कोंडतात आणि पात्याखाली येतात. मधून सुरुवात करून बाहेर यावे, म्हणजे त्यांना पळायला वाट राहते.

ही शेवटची युक्ती इंग्लंडमधल्या कुरणांवर वापरली जाते. त्या देशाने आपल्याआधी हेच सारे गमावले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्य वाढवण्यासाठी तिथल्या सरकारने शेतांची जिवंत कुंपणे काढायला अनुदान दिले. १९३०च्या दशकापासून १९८४पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची जुनी कुरणे ९७ टक्के नाहीशी झाली. मग जाग आली. १९९७ साली परवानगीशिवाय जुने कुंपण काढायला बंदी करणारे नियम झाले. २०२४च्या नियमांनी १ मार्च ते ३१ ऑगस्ट, म्हणजे विणीच्या काळात, इंग्लंडमध्ये कुंपण छाटायलाही मनाई केली. आधी काढायला पैसे, मग लावायला पैसे! आपल्या गरीब देशाला ही दुहेरी चैन परवडणार नाही. जे आहे तेच राखणे स्वस्त.

मात्र गायरान राखताना एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याला धुराच नाही, त्याचे काय? मराठवाड्यात गायरान म्हणजे भूमिहीनांचा एकमेव आधार. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते काही हौसेने नव्हेत. १९९०पूर्वीपासून गायरान कसणाऱ्यांचा हक्क मान्य करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. या ओढाताणीत हरिणासाठी कोणाचे पोट मारावे, असे कोणी म्हणणार नाही. गावात चराईबंदी झाली की पहिली झळ बसते ती चार शेळ्या पाळणाऱ्या बाईला. हिवरे बाजारने १९९०च्या दशकात यावर वाट काढली. माळावर जनावर सोडायचे नाही, पण ठरलेली अल्प रक्कम भरून विळ्याने गवत कापून न्यायचे. तिथे गवत वाढले, दूध वाढले. आपल्या गावांनी तीत आणखी एक कलम घालावे: कापणीचा पहिला हक्क भूमिहीनांचा, तोही विनामूल्य. आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांना ठरलेल्या महिन्यांत वाट मोकळी. बेताची चराई माळाला मानवतेच, मुळीच चराई नसेल तर गवतात झुडपे माजतात.

हे करायला नवा कायदा नको. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. अनेक गावांत ती वही कपाटात आहे. धुऱ्यावरची झाडे, गायरानातली गवते, कापणीचे दिवस एवढे जरी तीत खरेखुरे लिहिले आणि ग्रामसभेत वाचले, तरी कामाला सुरुवात होईल.

आणि हे पान घरात चहा घेत वाचणाऱ्या तुम्हा-आम्हांपैकी पुष्कळांची गावाकडे दोन-चार एकर जमीन आहे, बटाईने दिलेली. दरसाल आपण किती पोती मिळाली ते विचारतो. यंदा त्याबरोबर धुऱ्याचेही विचारावे. बटाईच्या बोलीत दोन वाक्ये घालावीत: धुरा कोरायचा नाही आणि धुऱ्यावर फवारायचे नाही. त्याची तोशीस एकट्या बटाईदाराने का सोसावी? सावलीत बसलेल्या दोन ओळींचे नुकसान मालकाने आपल्या वाट्यातून सोडावे. दसऱ्याला नीळकंठ दिसणे आपण शुभ मानतो. तो बसायला शेताच्या कडेचे झाड लागते, आणि ते झाड तोडायचे की ठेवायचे हे दर उन्हाळ्यात कोणीतरी दोन शेजारीच ठरवत असतात.